न पाहिलेल्या सिनेमाचा राग

जुलै २०२० ची गोष्ट. लॉकडाऊन सुरू होता. पेणकरपाड्यातल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी ऑफिसचं काम करत होतो. मोबाईलवर एक मेसेज आला. नबींवर (स.) सिनेमा निघालाय, २१ तारखेला तो इंटरनेटवर येतोय, थांबवायचा असेल तर हा मेसेज पुढे पाठवा. मी पाठवला. पाच ग्रुपांवर पाठवला आणि परत कामाला लागलो. सगळं मिळून अर्धा मिनिट लागला असेल.

त्याच रात्री, इशानंतर, अम्मीने नेहमीप्रमाणे टीव्हीवर ‘यूसुफ पयंबर’ लावलं. २००८ ची ही इराणी मालिका उर्दूत डब झाली आणि आपल्याकडे सीडीवरून, मग यूट्यूबवरून घराघरात पोचली. तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या घरीही ती पाहिली असेल. त्या रात्री बापलेकाच्या भेटीचा भाग होता. इतक्या वर्षांच्या विरहानंतर हजरत याकूब (अ.) मुलाला भेटतात. अम्मी दुपट्ट्याने डोळे पुसत होती. माझेही डोळे भरून आले होते.

शेजारी बसलेल्या तेरा वर्षांच्या भाच्याने विचारलं, “मामू, तुम्ही दुपारी जो मेसेज पाठवलात, त्या सिनेमात नबींचा चेहरा दाखवलाय का?”

मी म्हणालो, “माहीत नाही.”

“मग यात तर यूसुफ नबींचा चेहरा दाखवलाय. हे आपण कसं काय बघतो?”

अम्मीने त्याला गप्प केलं. मी काहीच बोललो नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच वर्षं झाली तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. हा लेख म्हणजे त्याला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. तो सिनेमा म्हणजे माजिद मजिदी या इराणी दिग्दर्शकाचा ‘मुहम्मद: द मेसेंजर ऑफ गॉड’. २०१५ साली तो पूर्ण झाला. संगीत आपल्या ए. आर. रहमान यांचं. त्यात प्रेषितांच्या बालपणाचा काळ आहे, आणि त्यांचा चेहरा कुठेही दाखवलेला नाही. मुंबईच्या रझा अकादमीने त्याच वर्षी मजिदी आणि रहमान या दोघांविरुद्ध फतवा काढला. रहमान यांनी पत्र लिहून सांगितलं की आपण सिनेमा काढलेला नाही, फक्त संगीत दिलं आहे आणि तेही चांगल्या हेतूने. २०२० मध्ये सिनेमा ऑनलाइन येणार असं कळल्यावर पुन्हा तक्रार झाली आणि महाराष्ट्राच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी तो रोखावा म्हणून केंद्र सरकारला पत्र लिहिलं.

म्हणजे ज्या सिनेमात चेहरा नव्हता तो बंद व्हावा म्हणून मी मेसेज पाठवत होतो, आणि ज्या मालिकेत एका नबींचा चेहरा भाग संपेपर्यंत समोर होता ती बघून रडत होतो. इथे उलेमांचा दोष नाही, हे मी स्पष्ट म्हणतो. नबी कोणतेही असोत, त्यांचं चित्रण नको, असं म्हणणाऱ्या आलिमांचं मत पटो न पटो, ते सुसंगत तरी आहे. विसंगत होतो मी. मला राग आला होता तो सिनेमाचा नाही, मेसेजचा.

आता थोडं मागे जाऊ. २०१४ या एकाच वर्षात हॉलिवूडने बायबलच्या दोन मोठ्या गोष्टी पडद्यावर आणल्या. मार्चमध्ये डॅरेन अरनॉफ्स्कीचा ‘नोआ’, आणि डिसेंबरमध्ये रिडली स्कॉटचा ‘एक्सोडस: गॉड्स अँड किंग्ज’. आपण यांना ‘ख्रिश्चनांचे सिनेमे’ म्हणतो. पण नोआ म्हणजे आपले हजरत नूह (अ.), आणि एक्सोडसचा मोझेस म्हणजे हजरत मुसा (अ.). कुरआनात सगळ्यात जास्त वेळा नाव येतं ते मुसांचंच. नूह, यूसुफ, मरियम यांच्या नावाच्या स्वतंत्र सूरह आहेत. म्हणून बायबलच्या गोष्टीवरचा सिनेमा आला की आपणही त्याचे प्रेक्षक असतो आणि आपल्यालाही तो लागतो.

‘नोआ’वर संयुक्त अरब अमिरात, कतार, बहरीन, इंडोनेशिया, मलेशिया इथे बंदी आली. इजिप्तच्या अल-अझहरने त्याविरुद्ध मत दिलं. ‘एक्सोडस’ इजिप्त, मोरोक्को आणि अमिरातींत अडवला गेला. गंमत म्हणजे अमेरिकेतले धार्मिक ख्रिस्तीही ‘नोआ’वर खूश नव्हते. त्यात दगडांचे राक्षस होते आणि नोआ स्वतःच्या नातींना मारायला निघतो असा प्रसंग होता. लोकांची कुरकुर एवढी वाढली की ही मूळ गोष्टीवरून सुचलेली कलाकृती आहे, अशी सूचना निर्मात्यांना जाहिरातींत द्यावी लागली.

भारतात मात्र दोन्ही सिनेमे लागले. ‘एक्सोडस’ मी थिएटरात पाहिला. तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. कॉलेजचे दोन मित्र बरोबर होते. आम्हाला तो आवडला नाही. खुदाचा संदेश एक लहान मुलगा आणतो, तोही चिडका. समुद्र दुभंगतो तो मोजिझ्यासारखा नाही, भरती-ओहोटीसारखा. बाहेर येऊन चहा पिताना आम्ही तासभर भांडलो. एकजण म्हणाला, यात मुसांना वाढवणारी बाई फिरऔनची मुलगी दाखवलीय, आपल्याकडे तर बायको आहे. दुसरा म्हणाला, नाही, मुलगीच. पैज लागली. घरी जाऊन मी कुरआनाचा मराठी अनुवाद काढला आणि सूरह कसस पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजून वाचली. लहानपणी अरबीत ती कितीदा वाचली असेल. पण मुसांच्या आईने मुलाला पाण्यात सोडलं तेव्हा तिच्या मनाचं काय झालं असेल, हे त्या रात्री पहिल्यांदा आत उतरलं.

सिनेमा वाईट होता. पण त्याने माझ्या ईमानाला धक्का दिला नाही. त्याने मला किताब उघडायला लावली. अमिरातींतल्या माझ्या वयाच्या मुलाला ती पैज लावायला मिळाली नाही.

ही गोष्ट फक्त मुसलमानांची नाही. आमच्या मजल्यावर एक ख्रिस्ती आंटी राहतात, मूळच्या वसईकडच्या. घरात मराठीच बोलतात, त्यांच्या त्या वेगळ्या हेलाची. भाच्याच्या प्रश्नानंतर काही दिवसांनी, ग्रिलच्या दोन बाजूंना उभं राहून, मास्क लावून, मी त्यांना विचारलं, “आंटी, येशूवरच्या सिनेमांचं तुमच्याकडे काय होतं?”

त्यांनी आधी ‘दयासागर’ची आठवण सांगितली. ‘करुणामयुडु’ हा १९७८ चा तेलुगू सिनेमा, त्याचं हे हिंदी रूप. मिशनची माणसं प्रोजेक्टर घेऊन गावोगाव तो दाखवत. आंटींनी लग्नाआधी तो चर्चच्या पटांगणात कापडी पडद्यावर पाहिला होता. “ख्रिस्ताला चाबकाचे फटके मारतात ना, तवा बाया मोठमोठ्यानं रडाय लागल्या. माझी आजी तर उठून पडद्याकडंच चालली होती.” मग म्हणाल्या, “आणि दुसरा तो दा विंची. त्याच्यावर आम्हीच मोर्चा काढलेला.”

‘द दा विंची कोड’ मे २००६ मध्ये आला. ती बायबलची गोष्ट नव्हती, येशूने लग्न केलं होतं अशी कल्पना करून लिहिलेल्या कादंबरीवरचा सिनेमा होता. मुंबईत ख्रिस्ती संघटना रस्त्यावर आल्या, आणि मुंबईतल्या काही मुस्लिम उलेमांनी त्यांना पाठिंबा दिला. ईसा (अ.) आमचेही नबी आहेत, त्यांचा अपमान तो आमचाही अपमान, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन समाज एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले याचं मला अप्रूप वाटतं. फक्त ते एकत्र आले ते एक सिनेमा बंद पाडायला, याचं वाईट वाटतं. केंद्र सरकारने हा सिनेमा काल्पनिक असल्याची सूचना घालून प्रौढांसाठी प्रदर्शित होऊ दिला, तरी गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. आंध्र प्रदेशची बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेही देशभर बंदी घालायला नकार दिला.

मी आंटींना विचारलं, “मग तुम्ही तो पाहिलात?”

“नंतर पोराने दाखवला घरी. मी अर्ध्यात झोपले.” त्या हसल्या. “सिनेमा आला नि गेला. आमचं चर्च हाय तिथंच हाय.”

मग त्यांनी मला विचारलं, “तू ज्याच्यावर मेसेज पाठवलास, तो तू पाहिलास काय रे बाबू?”

पुन्हा तोच प्रश्न. मुलाने विचारला तेव्हा राग आला होता, आंटींनी विचारला तेव्हा लाज वाटली.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. एखाद्या प्रोग्रॅममध्ये दोष आहे अशी तक्रार करायची असेल, तर आधी तो स्वतः चालवून बघायचा आणि काय केल्यावर काय बिघडलं ते लिहायचं. ‘कुणीतरी सांगितलं की बिघडलंय’ अशी तक्रार कुणी घेत नाही. नोकरीत मी हा नियम रोज पाळतो. दीनाच्या बाबतीत, म्हणजे मला सगळ्यात प्यारी असलेल्या गोष्टीत, मी तो पाळला नव्हता.

न पाहिलेल्या सिनेमाचा राग किती महागात पडतो, याचं एक उदाहरण आपण विसरू नये. मुस्तफा अक्कादचा ‘द मेसेज’ १९७६ चा. अक्कादने काटेकोर पथ्य पाळलं होतं. प्रेषित (स.) पडद्यावर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. समोरची पात्रं कॅमेऱ्याकडे बघून त्यांच्याशी बोलतात. अँथनी क्विन यात आहे तो हजरत हमजांच्या भूमिकेत. पण अँथनी क्विनच प्रेषितांची भूमिका करतोय अशी अफवा पसरली. मार्च १९७७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बंदूकधाऱ्यांनी शंभरावर माणसं ओलीस धरली. त्यांच्या मागण्यांपैकी एक होती, हा सिनेमा बंद करा. त्यात एका तरुण पत्रकाराचा जीव गेला. आज तोच सिनेमा अरब देशांत ईदला, रमजानमध्ये टीव्हीवर लागतो आणि आपल्याकडे लोक मुलांना मुद्दाम दाखवतात. सिनेमा बदललेला नाही. लोकांनी तो पाहिला, एवढाच फरक पडला.

आणि बाण दुसऱ्या बाजूनेही सुटतो. इराणच्या नादेर तालेबजादे यांनी इस्लामी श्रद्धेनुसार हजरत ईसांची गोष्ट सांगणारं ‘द मसाया’ केलं. त्यात अर्थातच ईसांना सुळावर चढवलं जात नाही. २०१० च्या रमजानमध्ये त्याची मालिका लेबनॉनमधल्या दोन वाहिन्यांवर सुरू झाली आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांनी हरकत घेतल्यावर थांबवली गेली. आपल्याला आपली गोष्ट वाटते ती शेजाऱ्याला त्याच्या श्रद्धेचा नकार वाटू शकते. उलट मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ २००४ मध्ये आला तेव्हा सुळाची गोष्ट न मानणाऱ्या अनेक मुसलमानांनी कतार, अमिरात, जॉर्डन इथे तो पाहिला. कुणाच्या ईमानाचं काही बिघडलं नाही. ‘माझी भावना दुखावते म्हणून तुझी गोष्ट बंद’ हा नियम सगळ्यांना लावला, तर एकाच नबीवर प्रेम करणारे दोन समाज एकमेकांची तोंडं बंद करून बसतील.

बायबलच्या गोष्टीवरचा सिनेमा पाहून माणूस आणखी काय करू शकतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला एका ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस १९१०-११ च्या सुमाराला गिरगावात ‘लाइफ ऑफ क्राइस्ट’ पाहायला गेला. पडद्यावर येशूचं आयुष्य सरकत होतं. फाळक्यांनी पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलं की ते बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती.

तेव्हाचा काळ आठवा. राज्य इंग्रजांचं. मिशनरी हिंदूंना बाटवतात ही भीती मराठी घराघरात. फाळक्यांना म्हणता आलं असतं की हा आमच्या धर्मावरचा हल्ला आहे, बंद करा. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी विचारलं, आमच्या गोष्टी आमच्या लोकांना पडद्यावर कधी दिसणार? त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकून आले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतीय सिनेमाची सुरुवात अशी एका परक्या धर्माची गोष्ट शांतपणे पाहणाऱ्या प्रेक्षकापासून झाली. पुढे त्यांच्या सिनेमात कृष्ण पडद्यावर आला की लोक थिएटरात हात जोडत.

गोष्ट आपल्या भाषेत आणण्याची ही रीत मराठीला जुनी आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. बायबलची गोष्ट, पण मराठी ओव्यांत. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती. त्यांच्या कानांना ओवीची सवय होती, म्हणून त्याने ओवीच घेतली. कोकणातल्या बेने इस्राएली यहुद्यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांच्या नबींवर मराठीत कीर्तनं रचली. योसेफ आणि मोशे, म्हणजे आपले यूसुफ आणि मुसा, टाळ-पेटीच्या साथीत मराठीत गायले गेले. १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’ ज्याच्या नाटकावरून निघाला, तो जोसेफ डेव्हिड पेणकर याच समाजाचा. हे आडनाव वाचलं तेव्हा मी एकदम थबकलो. पेणकरपाड्यात राहून हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हिंदूंनी आपल्या गोष्टी मराठीत आणल्या, ख्रिस्त्यांनी आणल्या, यहुद्यांनीही आणल्या. आपण? आपल्याकडे नबींचे किस्से आहेत, मीलादच्या मजलिसी आहेत, पण बहुतेक सगळं उर्दूत. माझ्या भाच्याला उर्दू वाचता येत नाही. तो मराठी माध्यमात शिकला. त्याला मुसांची गोष्ट मराठीत हवी असेल, तर आपण त्याच्या हातात काय ठेवणार? आणि त्याच्या वर्गातल्या मराठी मित्राला ईसा आणि मरियम आपल्या किताबात किती आदराने येतात हे कळायचं असेल, तर ते कुठे कळणार? बंदीचे मेसेज आपण मराठीत लिहितो, गोष्ट मात्र लिहीत नाही. त्या मित्राला आपल्याबद्दल काय कळतं? एवढंच की या लोकांना राग येतो.

आता काही मित्र म्हणतील, ‘फाळक्यांचं ठीक आहे. त्यांच्याकडे मूर्ती चालते, आपल्याकडे नाही.’ मुद्दा खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. प्रेषितांचं (स.) चित्रण न करणं हा आपला अदब आहे आणि मला तो प्रिय आहे. पण या अदबाने आपली वाट अडवलेली नाही. अक्कादने तो पाळून तीन तासांचा सिनेमा केला. आवाजाने, शब्दाने, रिकाम्या जागेने गोष्ट सांगता येते. पॉडकास्टला चेहरा लागत नाही. दुसरं म्हणजे, अदब हा मी स्वतःवर घातलेला नियम आहे. शेजारच्या आंटींनी, रिडली स्कॉटने किंवा इराणच्या शिया दिग्दर्शकाने तो पाळावा असा आग्रह मी धरू शकतो, विनंती करू शकतो, त्याच्यावर टीका करू शकतो. पण पोलिसांकरवी तो पाळायला लावायचा म्हटलं, की तो अदब राहत नाही, बळ होतं.

आणि बळाच्या खेळात आपण कुठे आहोत, हे मीरा रोडच्या तरुणांना मी सांगायला हवं का? जानेवारी २०२४ मध्ये २१ तारखेच्या रात्री काय झालं आणि दोनच दिवसांनी नया नगर भागात बुलडोझर कसा आला, हे आपण खिडकीतून पाहिलं आहे. ‘भावना दुखावल्या’ हा शब्द आपल्या शहरात किती झटकन पेट घेतो, ते आपल्याला ठाऊक आहे. भारतीय दंड संहितेत २९५-अ हे कलम १९२७ मध्ये आलं, लाहोरमध्ये प्रेषितांची निंदा करणाऱ्या एका पुस्तिकेवरून पेटलेल्या वादानंतर. आपल्याला वाटलं, हे आपलं कवच आहे. आज तेच कलम नव्या न्याय संहितेत २९९ म्हणून आहे. एखाद्या पोस्टवरून, स्टेटसवरून कोवळ्या पोरांवर असेच गुन्हे लागतात तेव्हा वकील शोधत कोण धावतं, हे आपल्या मोहल्ल्यात विचारा. ज्या दिवशी आपण म्हणतो की भावना दुखावली की बंदी हवी, त्या दिवशी आपण हेही मान्य करतो की ज्याची गर्दी मोठी त्याची भावना मोठी. हा हिशोब आपल्या बाजूने कधीच सुटणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. सिनेमा पाहा किंवा पाहू नका, दोन्ही हक्क तुमचे आहेत. न पाहणं हासुद्धा स्वाभिमानी निर्णय असू शकतो. पण पाहिला नसेल तर त्यावर बंदी मागू नका. पाहिला आणि चुकीचा वाटला, तर चूक कुठे ते लिहा, मराठीत लिहा, नाव घालून लिहा. आणि शक्य झालं तर ती गोष्ट स्वतः बरोबर सांगून दाखवा.

मी स्वतः छोटी सुरुवात केली. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या घरी आम्ही ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ लावला. १९९८ चा हा अॅनिमेशनपट मुसांवर आहे. बिल्डिंगमधली सात-आठ पोरं, अम्मी, आंटी आणि त्यांची नात. तळमजल्यावरच्या चाचांनाही बोलावलं. ते म्हणाले, “नबीचं कार्टून मी बघणार नाही. तुम्ही बघा, मी चहाला येतो.” मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी स्वतःचं दार बंद केलं, आमचं नाही.

सिनेमात नदीतून वाहत आलेलं बाळ फिरऔनची राणी उचलते. आंटी म्हणाल्या, “हे चुकीचं दाखवलंय. आमच्या बायबलात मुलगी हाय, बायको नाय.” माझा भाचा, आता अठराचा झालाय, उसळून म्हणाला, “आंटी, आमच्या कुरआनात बायकोच आहे!” सिनेमा थांबवला. आंटींच्या नातीने मोबाईलवर मराठी बायबल उघडलं, भाच्याने सूरह कसस काढली. ख्रिस्ती-यहुदी परंपरेवर वाढलेल्या अमेरिकी सिनेमाने या एका जागी बायबल सोडलं होतं आणि योगायोगाने तो कुरआनाच्या जवळ आला होता. दोन्ही किताबं टेबलावर, पोरं दोन्हींवर वाकलेली. आंटी म्हणाल्या, “मुलगी काय नि बायको काय, बाईनेच वाचवलं ना पोराला?” त्यावर अम्मी म्हणाली, “राजाच्या घरातली असून राजाला घाबरली नाही.”

चहाला चाचा आले. पोरांनी त्यांना गराडा घातला: चाचा, पुढे काय झालं? जादूगारांचं काय झालं? समुद्राचं काय झालं? चाचा अर्धा तास बोलले. जादूगार ईमान आणतात आणि फिरऔन त्यांना सुळाची धमकी देतो, हा सिनेमात नसलेला भाग त्यांनी असा सांगितला की आंटींची नातसुद्धा चहा प्यायची विसरली. मी भाच्याला खुणेने सांगितलं, रेकॉर्ड कर.

त्याने केलं. ती आमची पहिली मराठी रेकॉर्डिंग आहे. आवाज नीट नाही, मागे कपबश्यांचा खणखणाट आहे, आणि चाचांची मराठी अधूनमधून उर्दूत जाते. पण गोष्ट पूर्ण आहे. पुढच्या महिन्यात यूसुफ करायचा आहे. त्या आधी मजिदींचा तो सिनेमा मिळवून शेवटपर्यंत बघायचा, असं मी भाच्याला वचन दिलं आहे. पाच वर्षांपूर्वीचं त्याचं उत्तर अजून देणं बाकी आहे.